बोंडअळीची बैठक आणि ‘नो सिग्नल’ : एका प्रोजेक्टरचं प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातलं एक कापूस-तुरीचं गाव. गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत, एक-दोन किरकोळ तपशीलही बदलले आहेत. प्रोजेक्टरच्या बाबतीत मात्र जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो आहे.

मेचा शेवटचा आठवडा होता. उन्हापायी विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळेला कुलूपच होतं. पण अख्ख्या गावात प्रोजेक्टर आहे, पंखे चालतात आणि पन्नास-साठ माणसं सतरंजीवर मावतात अशी जागा एकच, शाळेची डिजिटल खोली. कृषी सहाय्यकांनी खरीपपूर्व बैठक तिथं ठेवली. वेळ सकाळी आठची, कारण दहानंतर त्या खोलीत कुणाला बसवून ठेवणं म्हणजे शिक्षा. खोलीची किल्ली शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे होती. ऑफिसची मात्र मुख्याध्यापकांबरोबर त्यांच्या गावी गेलेली. पुढे हेही आडवं आलं.

विषय होता गुलाबी बोंडअळी. २०१७ च्या हंगामात या अळीनं पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या झाडांचं, काय केलं हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणाहून कीटकशास्त्राच्या तज्ज्ञ मॅडम बोलायला येणार होत्या. त्यांच्या सादरीकरणात मजकूर थोडा आणि फोटो पुष्कळ होते: डोमकळी (अळी आत शिरल्यामुळे पाकळ्या चिकटून नीट न उमललेलं कपाशीचं फूल) कशी ओळखायची, अमेरिकन, ठिपक्यांची आणि गुलाबी या तिन्ही बोंडअळ्या शेजारी शेजारी, कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाचं आमिष लावून नर पतंग पकडणाऱ्या सापळ्यात) अडकलेले पतंग. मे महिन्यात शेतात फूल नसतं, त्यामुळे डोमकळी दाखवायची तर फोटोतच. म्हणजे ‘प्रोजेक्टर नसला तरी चालेल’ असं म्हणण्यासारखी ही बैठक नव्हती.

आता प्रोजेक्टरबद्दल. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाल्यावर गावोगाव लोकवर्गणीतून शाळा डिजिटल झाल्या. याही गावानं वर्गणी काढली. नव्या यंत्राला पैसे पुरले नाहीत, म्हणून वापरलेला प्रोजेक्टर घेतला. त्याला एचडीएमआय, म्हणजे हल्लीच्या टीव्ही-लॅपटॉपला असते ती चित्राची जोडणी, नाहीच, फक्त जुनं पंधरा पिनांचं व्हीजीए. तो छताला टांगलेला, त्याची केबल केसिंग-पट्टीतून भिंतीवरून उतरून फळ्याशेजारच्या पेटीत येते आणि तिथं सॉकेट आहे. त्या सॉकेटातून एक आखूड व्हीजीए वायर शाळेच्या डेस्कटॉपला जाते. इतकी वर्षं तोच संगणक, तीच वायर, त्यामुळे कुणाला कधी विचार करावाच लागला नव्हता.

व्हीजीए आयबीएमनं १९८७ साली आणलं. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी आणि आणखी काही कंपन्यांनी ते २०१५ पर्यंत बंद करण्याचं जाहीर केलं. नव्या लॅपटॉपमधून ते गेलंही. शाळांच्या भिंतींमधून अजून गेलेलं नाही, आणि असल्या बहुतेक भानगडी याच फटीतून निघतात. मॅडमच्या लॅपटॉपला एक एचडीएमआय आणि एक टाइप-सी, बस. कृषी सहाय्यकांनी हे आदल्या दिवशी फोन करून विचारलं होतं आणि तालुक्याच्या दुकानातून ‘व्हीजीए-एचडीएमआय कन्व्हर्टर’ आणूनही ठेवला होता. इतकी तयारी बैठकीआधी फार थोडे लोक करतात, हे त्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं.

मी शेजारच्या केंद्रातला, म्हणजे शेजारच्या शाळा-गटातला, शिक्षक. तालुक्यात ‘तंत्रस्नेही शिक्षक’ म्हणून नाव लागलेलं आहे, त्यामुळे असे फोन सुट्टीतही येतात.

अडचण

सगळं जोडलं गेलं, आणि खरी गोम तिथंच होती. डेस्कटॉपची आखूड वायर काढून बाजूला ठेवली. कन्व्हर्टरची व्हीजीए बाजू भिंतीच्या सॉकेटात झोकात बसली. अध्यक्षांच्या घरून सेट-टॉप बॉक्सची एचडीएमआय केबल आली, तिचं एक टोक कन्व्हर्टरात, दुसरं लॅपटॉपात. कन्व्हर्टरची यूएसबी शेपटी लॅपटॉपला लावल्याबरोबर त्यावरचा छोटा दिवा लागला. कुठे काही सैल नाही, कुठे काही उरलेलं नाही. प्रोजेक्टर चालू केला तर पडदा निळा आणि कोपऱ्यात इंग्रजीत ‘नो सिग्नल’.

शेतकरी येऊन बसले होते. पुढे चार जण लॅपटॉपभोवती. एकानं प्रोजेक्टर बंद-चालू केला, दुसऱ्यानं लॅपटॉप, तिसऱ्यानं केबल उलटी करून पाहिली, चौथा फंक्शनच्या बटणांवर बोटं फिरवत होता. प्रत्येकाचा उपाय वेगळा आणि तो आधीच्याचा उपाय मोडून केलेला. त्यात कुणीतरी कन्व्हर्टर उपसून त्याच्या पिना मोजल्या. पंधरा हव्यात, चौदाच भरल्या. मधल्या ओळीतली एक गायब. ‘पिन तुटली’ असा निकाल लागला आणि माझा फोन वाजला.

“सर, प्रोजेक्टर लागला, कन्व्हर्टरचा लाइटबी लागून रायला, मंग चित्र काहून नाही येऊन रायलं? पिन तुटली म्हनतात.”

व्हीजीएच्या पुष्कळ प्लगांना नववी पिन कारखान्यातूनच नसते. चित्र तिच्यावाचून येतं. चौदा पिना पाहून केबल फेकून दिल्याच्या कथा मी अनेक शाळांतून ऐकल्या आहेत.

फोनवरचा शोध

पहिली विनंती केली की सगळ्यांनी हात काढा आणि लॅपटॉपजवळ एकानंच बसा. आयटीआय करणारा एक मुलगा बसला. दुसरी गोष्ट, पडद्यावर जे लिहिलंय ते शब्दन् शब्द वाचून दाखव.

हा संदेश लोक रागानं पाहतात, पण तो कामाचा असतो. ‘नो सिग्नल’ ही अक्षरं लॅपटॉपकडून येत नाहीत, प्रोजेक्टर स्वतः काढतो. ती पडद्यावर स्वच्छ दिसतात याचा अर्थ दिवा ठीक, भिंग ठीक, आतलं यंत्र ठीक. फक्त बाहेरून काही पोचत नाही. एका वाक्यात निम्मे संशयित सुटतात. पडदा नुसता काळा असता तर मी वेगळं विचारलं असतं: भिंगावर झाकण आहे का, रिमोटवरचं ‘ब्लँक’ दाबलं गेलंय का, दिव्याचा लाल इशारा लागलाय का.

मग सोर्स. प्रोजेक्टर चुकीच्या दारावर वाट पाहत बसला असेल तर योग्य दारानं आलेलं चित्रही त्याला दिसत नाही. पण रिमोट चालेना. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर रिमोटचं टोक धरून बटण दाबायला सांगितलं. सेल चांगले असले की डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश कॅमेऱ्यात जांभळट लुकलुकतो. काहीच लुकलुकलं नाही. सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटमधले सेल काढून घातले आणि ‘सोर्स’ दाबत सगळी दारं फिरून पाहिली. कुठेच काही नाही.

तिसरी पायरी, लॅपटॉप काय म्हणतो? विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडायला सांगितलं. मुलगा म्हणाला, “सर, दुसरा डिस्प्ले सापडत नाही म्हणते.”

प्रकरणाची पहिली गाठ इथं सुटली. लॅपटॉपला त्याच्या एचडीएमआयच्या तोंडाशीच पलीकडे कुणी असल्याचं कळत नव्हतं. म्हणजे बिघाड छताला किंवा भिंतीत आहे की नाही हा प्रश्न अजून उद्भवलाच नव्हता, वाट कन्व्हर्टरपाशीच बंद होती. कन्व्हर्टरवर बारीक अक्षरांत काय आहे ते वाच म्हटलं. ‘व्हीजीए टू एचडीएमआय’, व्हीजीएकडे ‘इन’, एचडीएमआयकडे ‘आउट’.

उलटा आला होता. हा जुन्या संगणकाचं चित्र नव्या टीव्हीवर दाखवायचा. आपल्याला नव्या लॅपटॉपचं चित्र जुन्या प्रोजेक्टरवर हवं होतं. व्हीजीएत विजेच्या दाबाच्या चढ-उतारावर रंग ठरतो, एचडीएमआयमध्ये तेच चित्र आकड्यांत जातं. मधली चिप एका रूपाचं दुसरं करते आणि ती एकाच दिशेनं चालते. जिनिंगमध्ये कापूस घातला तर रुई आणि सरकी निघते. रुई-सरकी घालून पलीकडून कापूस निघत नाही, तसंच हे. दिवा लागला होता तो नुसता यूएसबीच्या विजेवर. दुकानदाराची तरी काय चूक म्हणावी, त्यानं मागितलेलं दिलं. ‘व्हीजीए-एचडीएमआय’ म्हटल्यावर कुठून कुठं हे कळत नाही. ‘लॅपटॉप एचडीएमआयचा, प्रोजेक्टर व्हीजीएचा’ असं म्हटलं असतं तर त्यानं बरोबर काढून दिला असता.

योग्य कन्व्हर्टर माझ्याकडे होता. गाडी काढली. पोचायला अर्धा तास तरी लागणार होता.

त्या अर्ध्या तासाचं काय करायचं

खरा निर्णय यंत्राचा नव्हता, माणसांचा होता. मेच्या उन्हात सकाळची कामं टाकून आलेले लोक पुढे बसलेत, मॅडम उभ्या आहेत, पडदा निळा. फोनवर कृषी सहाय्यक, अध्यक्ष आणि सरपंच अशा तिघांशी बोलणं झालं आणि बरेच पर्याय निघाले.

थांबायचं, हा पहिला. तो सगळ्यांनाच नको होता. लॅपटॉपभोवती आठ-दहा जणांचे गट आणायचे, हा दुसरा. पण पंधरा इंची पडद्यावर मागच्याला काही दिसत नाही आणि मॅडमना तेच तेच पाच वेळा सांगावं लागलं असतं. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, असं एका तरुणानं सुचवलं. शाळेच्या आवारात रेंज एक काडी, आणि बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांकडे साधे फोन.

चौथा पर्याय मला अजूनही सर्वांत सरळ वाटतो. सरपंचांच्या घरी मोठा एलईडी टीव्ही आहे आणि त्याला एचडीएमआय आहे. सेट-टॉप बॉक्सची केबल आधीच खोलीत आलेली. टीव्ही आणून टेबलावर ठेवला असता तर कन्व्हर्टर, भिंत, छत, काहीच मध्ये आलं नसतं. पण सरपंच आढेवेढे घेऊ लागले. घरचा टीव्ही आणला आणि काही झालं तर, हे एक. दुसरं त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण गावाला ठाऊक आहे: शाळेचा प्रोजेक्टर मागच्या पॅनेलच्या काळातला, आणि तो बंद पडला म्हणून सरपंचांच्या घरचा टीव्ही आला, ही गोष्ट चावडीवर दोन्ही बाजूंनी चघळली गेली असती. तांत्रिक अडचणीत राजकारण असं मधूनच डोकं वर काढतं आणि बाहेरून आलेल्या माणसाला त्याचा पत्ता नसतो. टीव्ही मागे पडला.

ठरलं ते असं: मॅडमनी चित्राशिवाय सुरुवात करायची आणि जोडाजोडीला कुणी हात लावायचा नाही. या दुसऱ्या अर्ध्यावर मी अडून बसलो. पुढे कुणी बोलत असताना मागे कुणी प्रोजेक्टर चालू-बंद करत राहिलं की लोक बोलणाऱ्याकडे नाही, पडद्याकडे बघतात.

मॅडम अनुभवी निघाल्या. त्यांनी दोन पोरांना शेजारच्या वाड्यामागे पाठवलं आणि जळणासाठी रचलेल्या पऱ्हाट्यांतली एक ओढून आणवली. वाळलेली, न उमललेली बोंडं अजून तिला चिकटलेली होती. त्यातलं एक त्यांनी नखानं सोललं. आत दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या, त्या अलगद विलग केल्या तर मध्ये कोश करून बसलेली अळी. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी ती तळहातावर घेतली आणि म्हणाले, “म्हंजे चुलीसाठी ठेवली ते हीच काय? सालभर घरातच पोसून रायलो आमी!” रचलेल्या पऱ्हाट्या पेरणीआधी का हलवायच्या आणि पावसाआधीची धूळपेरणी का टाळायची, हे मॅडमनी त्या एका बोंडावर अर्धा तास सांगितलं.

तरी मागच्या दोन रांगा उठून उठून बघत होत्या. आणि डोमकळी त्या पऱ्हाटीवर नव्हतीच.

संदेश बदलला

मी पोचलो तेव्हा पहिलं काम जोडणी साधी करणं. लॅपटॉप, त्यात माझा एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर, त्याला डेस्कटॉपची ती आखूड वायर आणि वायर भिंतीच्या सॉकेटात. जोडण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवला. त्या खोलीतल्या बोर्डाला अर्थिंग नाही, चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लागला की झिणझिण्या येतात. अशा ठिकाणी चालू वीज असताना केबल काढघाल केली की पोर्ट जळू शकतात. शाळांतले कितीतरी पोर्ट असेच गेलेले असावेत, असा माझा संशय आहे.

लॅपटॉपनं आता ‘दुसरा डिस्प्ले’ ओळखला. प्रोजेक्टरवर मात्र चित्र नाही, पण संदेश वेगळा: ‘आउट ऑफ रेंज’.

मागून निराशेचा सूर आला. माझ्या मते मात्र इथं अर्धं काम झालं होतं. मघाशी काहीच पोचत नव्हतं, आता काहीतरी पोचतंय पण प्रोजेक्टरला झेपत नाही. हा प्रोजेक्टर मुळात १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांचा, आणि लॅपटॉप पाठवत होता १९२० गुणिले १०८०. एरवी असं होत नाही. व्हीजीएच्या बाराव्या आणि पंधराव्या पिनेवरून पडदा स्वतःची माहिती संगणकाला सांगतो, मी कोण, मला किती झेपतं. भिंतीतून नेलेल्या स्वस्त वायरींमध्ये पुष्कळदा फक्त रंगांच्या आणि चित्राचा ताल (सिंक) राखणाऱ्या तारा जोडतात, या दोन सोडून देतात. लॅपटॉपला पलीकडे कोण आहे ते कळत नाही आणि तो आपल्या अंदाजानं पाठवतो. शाळेच्या डेस्कटॉपवर कुणीतरी केव्हाच १०२४ बाय ७६८ बसवून ठेवलं असणार, म्हणून तिथं हा दोष कधी दिसला नाही.

डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन आकडा खाली आणला. चित्र आलं. टाळ्या पडल्या.

हिरवा रंग गेलेला

टाळ्या पुरत्या थांबल्या नव्हत्या तोच लक्षात आलं की पांढरी पाटी जांभळट गुलाबी दिसतेय. पुढची स्लाइड तीन बोंडअळ्यांची. हिरवट अमेरिकन बोंडअळी पडद्यावर गुलाबी. ठिपक्यांची गुलाबी. गुलाबी तर गुलाबीच. पानं काळी. मागून एक आवाज आला, “मॅडम, साऱ्याच गुलाबी झाल्या की हो!” आणि खोली हसली.

हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. अक्षरांची स्लाइड असती तर मी म्हटलं असतं, चालू द्या. कृषी सहाय्यकांचंही म्हणणं तेच पडलं: वेळ चाललाय, रंगाचं काय, तोंडी सांगता येईल. मॅडमनी साफ नकार दिला. ज्या बैठकीत रंगावरून अळी ओळखायला शिकवायचं तिथं चुकीचा रंग दाखवण्यापेक्षा न दाखवलेलं बरं. लोक तोंडी सांगितलेलं विसरतील आणि डोळ्यांनी पाहिलेलं घेऊन शेतात जातील. मला त्यांचं पटलं.

आता शोध फार सोपा होता, कारण रंगच पत्ता सांगत होता. व्हीजीएत लाल, हिरवा, निळा यांच्या तारा वेगवेगळ्या, पिना पहिली, दुसरी, तिसरी. पांढऱ्यातून हिरवा वजा झाला की उरतो तो असा जांभळट गुलाबी. निळा गेला तर पांढरं पिवळं दिसतं, लाल गेला तर निळसर-हिरवं. दुसऱ्या तारेत कुठेतरी खंड होता.

कुठे, यासाठी आधी रिमोटवरचं ‘मेनू’ दाबलं. प्रोजेक्टरचा स्वतःचा मेनू पडद्यावर आला, त्यातला पांढरा पांढरा होता, हिरवी पट्टी हिरवी. म्हणजे दोष प्रोजेक्टरच्या पोटात नाही, अलीकडे. ही तपासणी काही सेकंदांची आहे. ती न करता प्रोजेक्टर दुरुस्तीला पाठवल्याची उदाहरणं मला माहीत आहेत.

उरले तिघे: कन्व्हर्टर, आखूड वायर, भिंतीतली वायर. डेस्कटॉप लावून पाहता आला असता तर भिंतीचा निकाल जागेवर लागला असता, पण तो सुट्टीत ऑफिसात ठेवलेला आणि ऑफिसची किल्ली गावाला. म्हणून दुसरी वाट धरली. भिंतच वगळायची. बाकी सगळं तेच ठेवायचं, तोच लॅपटॉप, तोच कन्व्हर्टर, तीच आखूड वायर. फक्त वायरीचं टोक भिंतीऐवजी थेट प्रोजेक्टरला. एकाच वेळी एकच गोष्ट बदलली की जे होईल त्याचं कारण शोधत बसावं लागत नाही.

प्रोजेक्टर बंद केला, पंखा थांबेपर्यंत वाट पाहिली. बाकावर बाक चढवले, दोघांनी ते धरले आणि आयटीआयचा मुलगा वर चढला. तिथं एकसारखी दोन व्हीजीए सॉकेटं होती, एकावर ‘कॉम्प्युटर इन’, दुसऱ्यावर ‘मॉनिटर आउट’. खालून वाचता येत नाहीत, म्हणून त्याला एवढंच सांगितलं, “ज्यातली काढली त्यातच लाव.” आउटमध्ये लावली असती तर पुन्हा ‘नो सिग्नल’ आणि पुन्हा नवा गोंधळ. लॅपटॉप वरच्या बाकावर ठेवला, कारण वायर तेवढीच लांब होती.

चित्र आलं, रंगांसकट. अमेरिकन अळी हिरवी. शिवाय या वेळी लॅपटॉपनं १०२४ बाय ७६८ आपणहून पकडलं, म्हणजे त्या दोन तारांबद्दलचा अंदाजही खरा निघाला. स्लाइड पुढे सरकवायला मुलगा बाकाशेजारी उभा राहिला, मॅडम “पुढे” म्हणाल्या की तो बटण दाबे.

निष्पत्ती

डोमकळी लोकांनी पाहिली, नीट रंगात, आणि तिच्यावर बरेच प्रश्न आले. सापळ्यांचंही झालं: हेक्टरी पाच कामगंध सापळे, आणि सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले तर फवारणीचा विचार. मित्रकीटकांच्या, म्हणजे पिकावरच्या किडी खाणाऱ्या कीटकांच्या, स्लाइड मात्र राहिल्या. दहा वाजून गेले आणि प्रोजेक्टरचा तापमानाचा दिवा लागला. अशा यंत्रांची मर्यादा साधारण ३५ ते ४० अंशांची. मेच्या अखेरीस छताखाली, पत्र्याच्या जवळ, तेवढं सकाळीच होतं. फिल्टर उघडला तर त्यावर धुळीचा आणि कापसाच्या तुसाचा नमद्यासारखा थर. तो झटकेपर्यंत लाइन गेली. लाइन आल्यावरही तापलेला दिवा लगेच पेटत नाही, थंड व्हावा लागतो. तोवर लोक उठले होते.

नंतर मुख्याध्यापक आल्यावर भिंतीतली पेटी उघडली. सॉकेटच्या मागे तारा स्क्रूखाली दाबलेल्या होत्या, हिरवी तार स्क्रूतून निसटून नुसती टेकली होती. उन्हाळ्याच्या सुरुवातीला खोलीला रंग दिला तेव्हा पेटी खेचली गेली असावी. बारा आणि पंधरा नंबरच्या जागी तारा नव्हत्याच. हिरवी आवळली, काम संपलं. उलटा कन्व्हर्टर दुकानदारानं बदलून दिला, थोडे पैसे वर घेऊन.

पुन्हा वेळ आली तर

आदल्या संध्याकाळी त्याच खोलीत, त्याच लॅपटॉपनं, निदान तसल्याच लॅपटॉपनं एकदा चित्र आणून पाहणं. मॅडमचा लॅपटॉप आदल्या दिवशी नव्हता हे खरं, पण गावात एचडीएमआयचा लॅपटॉप असलेली दोन-तीन पोरं कॉलेजची आहेत. त्यांच्यापैकी एकाचा लावून पाहिला असता तर उलटा कन्व्हर्टर रात्रीच कळला असता, आणि दुकान तेव्हा उघडं होतं.

टीव्हीचा पर्याय मी पुन्हा असा सोडणार नाही. सरपंचांची अडचण खोटी नव्हती, पण टीव्ही अंगणवाडीतून किंवा तिसऱ्याच कुणाच्या घरून आणता आला असता. विचारलंच गेलं नाही. प्रोजेक्टर नीट करण्याच्या नादात ‘लोकांना चित्र दिसलं पाहिजे’ हे मागे पडलं आणि ‘प्रोजेक्टर चालला पाहिजे’ हे पुढे आलं. मला मॅडमचा पऱ्हाटीचा अर्धा तास या बैठकीतला सर्वांत चांगला वाटला, तरी तो त्यांच्या हुशारीचा. प्रत्येक वक्त्याला तसं सुचेल असं धरून चालता येत नाही.

रंगासाठी थांबण्याच्या निर्णयावर मात्र माझा अजूनही वाद नाही. कृषी सहाय्यकांचं मत आजही वेगळं आहे. त्यांच्या हिशेबानं त्या वेळात मित्रकीटक झाले असते, आणि तेही चूक नाही.

आता शाळेपुढे प्रश्न आहे की भिंतीत नवी वायर टाकावी का. एचडीएमआय टाकायची तर प्रोजेक्टरलाच एचडीएमआय नाही. व्हीजीए पूर्ण तारांची टाकायची तर गेलेल्या काळावर खर्च. व्यवस्थापन समितीत दोन मतं पडली आहेत: काही म्हणतात, वर्गणीत आणखी भर घालून मोठा टीव्हीच घेऊ. काहींचं म्हणणं, चालतंय ते चालू द्या, सॉकेटवर ‘१०२४ बाय ७६८’ असा कागद चिकटवा आणि योग्य कन्व्हर्टर पेटीलाच बांधून ठेवा. कागद चिकटवला आहे. टीव्हीचा विषय शाळा उघडल्यावरच्या सभेत आहे.